पट्टा कोणाच्या हातात?

"आपण काय चोऱ्या करतो का? मग लपवायचंय काय एवढं?"

हा प्रश्न मला वर्षातून किमान दहा वेळा ऐकायला मिळतो. कधी पुण्याहून फोनवर, कधी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत चकलीच्या ताटाभोवती. विचारणारा बहुतेक वेळा माझ्यासारखाच इंजिनियर असतो आणि त्याच्या मनगटावर ते काळं चौकोनी घड्याळ असतं. पुढचं वाक्यही ठरलेलं. "हे जर्मन लोक 'डाटेनशुट्झ, डाटेनशुट्झ' करत सगळं अडवून ठेवतात. आपल्याकडे बघ, भाजीवालासुद्धा क्यूआर कोड घेऊन बसलाय!" मग जर्मन दवाखान्यातल्या फॅक्स मशीनचा विनोद होतो. सगळे हसतात. मीही हसतो, कारण फॅक्स खरा आहे. (डाटेनशुट्झ म्हणजे विदासंरक्षण. पण 'विदा' म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून पुढे सरळ डेटाच म्हणतो.)

आज मात्र या प्रश्नाशी जरा भांडायचं आहे. मनगटावर, दंडावर, कमरेला, नाकावर चढवायच्या यंत्रांबद्दल बोलताना तो मला नुसता भाबडा वाटत नाही, चक्क चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. अंगावर घालायच्या यंत्रांमधले सेन्सर आणि त्यातून येणारे सिग्नल हाच माझा रोजचा धंदा. डॉक्टरेट त्यातच केली, पगारही त्यावरच मिळतो. तेव्हा 'पूर्वीचं सगळं छान होतं, यंत्रांनी वाटोळं केलं' असा गळा मी काढणार नाही. उलट ही यंत्रं किती भारी आहेत हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कशावरून आहे ते कळेल.

घड्याळाच्या पाठीला तो हिरवा दिवा लुकलुकताना पाहिलाय ना? रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो वाढतो. ही वरखाली मोजली की झाली नाडी. तत्त्व शाळकरी आहे, पण माणूस हात हलवतो, घाम येतो, पट्टा सैल होतो, आणि त्या गोंधळातून ठोका वेगळा काढण्यात आमच्यासारख्यांच्या पिढ्या गेल्यात. हे जमल्यावर काय होतं? अ‍ॅपल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने चार लाखांहून जास्त लोकांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना 'तुमची नाडी अनियमित आहे' अशी सूचना मिळाली, आणि त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ती बेताल थरथर खरोखर सापडली. हा विकार माणसाला जाणवतोच असं नाही. एके दिवशी रक्ताची गुठळी मेंदूत जाते आणि अर्धं अंग लुळं पडतं, तेव्हा घरच्यांना कळतं. इतकी साधी चीज हे आधी सांगू शकते, याला मी तरी चमत्कारच म्हणतो.

आणि आमची आत्या. साताऱ्याला असते, मधुमेह जुना, रोज इन्सुलिन. दर वेळी बोट टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती. आता दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. त्यातली केसासारखी तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजत राहते. (जर्मनीत असं सतत मोजणारं यंत्र इन्सुलिन घेणाऱ्यांना सरकारी आरोग्यविम्यातून मिळण्याची वाट २०१६ साली मोकळी झाली. आपल्याकडे दहा कोटींवर मधुमेही आणि खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून. तो वेगळाच विषय आहे, असो.) आत्याचा मुलगा इथे हायडेलबर्गला आहे आणि आईच्या साखरेचा आलेख त्याच्या फोनवर उमटतो. रात्री साखर फार उतरली तर इथे गजर होतो आणि तो शेजारच्या काकूंना फोन करून उठवतो. हे दोनदा झालंय. दोन्ही वेळा काकू साखरपाणी घेऊन धावल्या.

पण आत्याचं म्हणणं ऐका. "मेलं, इथे वाटीभर श्रीखंड खाल्लं की तिकडे जर्मनीत कळतं! नवऱ्याच्या राज्यात एवढा पहारा नव्हता रे." नणंदेच्या मुलीच्या लग्नात तिने चार दिवस तो सेन्सर लावलाच नाही. मुलगा चिडला, ओरडला. तिने सांगितलं, "तुझी आई आहे मी, पेशंट नंतर." आणि विषय संपला.

हा प्रसंग लक्षात ठेवा. तिने पट्टा काढला आणि तिचं कोणी काही वाकडं करू शकलं नाही.

आता त्या 'लपवायचं काय' वाल्यांना एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण इंजिनियर असूनही ती त्यांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही घड्याळाला परवानगी देता ती पावलं आणि नाडी मोजायची. पण नाडी ही एकाच प्रश्नाचं उत्तर देणारी गोष्ट नव्हे. ताप आला की विश्रांतीतली नाडी वाढते. दारू प्यायलेल्या रात्री ती खाली उतरायला वेळ लागतो. गरोदरपणात वाढते. झोपेची वेळ सरकली की घरात काहीतरी बिनसलंय याचा अंदाज येतो. २०२० च्या एप्रिलमध्ये इथल्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटने याच आधारावर एक अ‍ॅप काढलं. लोकांनी आपल्या फिटनेस पट्ट्यांचा डेटा आपणहून दान करायचा आणि त्यातून देशात ताप कुठे पसरतोय ते बघायचं. पाच लाखांहून जास्त लोकांनी तो दिला. कल्पना छान होती. तरीही केऑस कम्प्युटर क्लबच्या लोकांनी काही दिवसांतच दाखवून दिलं, की बऱ्याच जणांचा डेटा त्यांच्या फोनवरून न येता घड्याळ कंपनीच्या सर्व्हरवरून थेट उचलला जातो. टीका झाली, चर्चा झाली, आणि ती रोगाच्या ऐन धामधुमीत झाली, याचं मला अजून कौतुक वाटतं. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. ज्यांनी २०१८ साली पावलं मोजायला पट्टा घेतला त्यांना तो साथीचा रोग दाखवेल हे ठाऊक नव्हतं. पट्टा बनवणाऱ्यांनाही नव्हतं! आज दिलेल्या आकड्यातून उद्या काय वाचता येईल हे देणाऱ्याला आज कळूच शकत नाही. मग 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे तो कशाच्या जोरावर सांगतो?

हाच विचार जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी मांडून ठेवला आहे, आणि तोही जनगणनेच्या खटल्यात. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत जनगणना व्हायची होती. लोकांनी बहिष्काराच्या घोषणा दिल्या, प्रकरण कार्ल्सरूहच्या न्यायालयात गेलं, तिथे ती थांबली आणि शेवटी १९८७ मध्ये बदललेल्या स्वरूपात झाली. न्यायालयाचं म्हणणं असं, की संगणकाने माहिती जोडता येऊ लागल्यावर 'किरकोळ' माहिती असा प्रकारच उरत नाही. आणि आपलं वागणं कुठेतरी नोंदलं जातंय की नाही याची खात्री नसलेला माणूस हळूहळू वेगळं वागायचंच सोडून देतो, सभेला जायचंसुद्धा. ज्या काळात संगणक खोलीभर असायचे त्या काळातला हा निकाल आहे. त्याआधी १९७० साली हेसन राज्याने जगातला पहिला डेटासंरक्षण कायदा केला होता.

हे सगळं जर्मनांना का सुचलं हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक नको. १९३९ च्या जनगणनेत आजी-आजोबांपैकी ज्यू कोण कोण होते हे विचारलं होतं, आणि आकडे मोजायला भोकं पाडलेल्या कार्डांची यंत्रं होती. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. नंतर पूर्वेकडे श्टाझी आली, १९८९ साली ९१ हजारांच्या आसपास पगारी माणसं आणि त्याहून कितीतरी जास्त खबरे. त्यांच्या ठेव्यातल्या काचेच्या बरण्या मी पाहिल्या आहेत. लोणच्याच्या असाव्यात तशा बरण्या, आत पिवळट फडकं. संशयिताला खुर्चीवर बसवायचं, खाली फडकं ठेवायचं, आणि त्याचा वास बरणीत बंद करून ठेवायचा. पुढे कधी पत्रकं सापडली तर कुत्र्याला हुंगवायला. अंगातून निघणारा डेटा साठवायची ही माझ्या माहितीतली सर्वांत ओबडधोबड पद्धत. (आणि ही फक्त कम्युनिस्टांची विकृती होती म्हणावं, तर २००७ मध्ये हायलिगेनडामच्या जी-८ परिषदेआधी एकत्र झालेल्या जर्मनीच्या सरकारी वकिलांनीही काही विरोधकांच्या वासाचे नमुने घेतले. बोंबाबोंब झाली.)

आता जर्मन लोक देव आहेत असं कोणी समजू नये. २०१० साली गूगल आपल्या गाड्यांनी काढलेले रस्त्यांचे फोटो दाखवणार होतं तेव्हा २ लाख ४४ हजार घरांतून 'आमचं घर धूसर करा' म्हणून अर्ज गेले. घराची रस्त्यावरून दिसणारी भिंत! एसेनमध्ये तर कोणीतरी त्या धूसर घरांवर अंडी फेकली. आणि भिंत झाकणाऱ्या याच देशात आज लोक स्वतःच्या झोपेचा, नाडीचा, धावण्याच्या रस्त्याचा हिशेब खुशाल समुद्रापलीकडे पाठवतात. धावण्याच्या रस्त्यावरून आठवलं, २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या नकाशाची गंमत झाली होती. नकाशावर नाव कोणाचंच नव्हतं, नुसत्या चमकणाऱ्या रेघा. पण अफगाणिस्तानातल्या अंधारात एकच चौकोन लखलखत असेल तर तिथे पहाटे कोण धावतंय हे कळायला गुप्तहेर लागत नाही. 'आम्ही नावं काढून टाकतो' या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी तो नकाशा एकदा बघावा.

मला जर्मनीचं कौतुक वेगळ्या ठिकाणी वाटतं. इथे कधीकधी कोणीतरी नेमका प्रश्न विचारतं.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या बुंडेसनेट्झआगेंटूरने, म्हणजे वीज-दूरध्वनी-टपाल यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लहान मुलांच्या एका प्रकारच्या स्मार्ट घड्याळांवर बंदी घातली. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ही घड्याळं विकली जात. त्यात सिमकार्ड असायचं आणि आईबापांना फोनमधल्या अ‍ॅपवरून घड्याळाला गुपचूप कॉल लावायला सांगता यायचं. मुलाला कळणार नाही, शेजाऱ्याला कळणार नाही, आणि आजूबाजूचं सगळं ऐकू येणार. चौकशीत आढळलं की काही पालक वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकत होते! संस्थेने सांगितलं की हे घड्याळ नसून लपवलेलं श्रवणयंत्र आहे आणि असलं यंत्र बाळगणंच बेकायदा आहे. पालकांनी ते निकामी करावं आणि निकामी केल्याचा पुरावा जपून ठेवावा. (पुरावा! इतकं जर्मन वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.) त्याच वर्षी फेब्रुवारीत 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवरही हीच कुऱ्हाड पडली होती.

आपल्याकडे हे सांगितलं की आईबाप दुखावतात. "मुलांच्या सुरक्षिततेसाठीच ना?" हो, त्यासाठीच. अंगावर घालायच्या बहुतेक यंत्रांची सुरुवात काळजीनेच होते आणि म्हणूनच त्यांना विरोध करणं जड जातं. पण सात वर्षांच्या पोराला आपल्या मनगटावर काय बांधलंय हे माहीत नाही आणि त्याच्या बाकावरच्या मित्राला तर अजिबातच नाही. माहीतच नसलेली गोष्ट ते काढून ठेवणार कशी? कॅमेरावाल्या चष्म्यांचं तेच. चष्मा घालणाऱ्याने अटी वाचून मान्य केल्या असतील हो, पण समोरच्याने? २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असा बाजारात मिळणारा चष्मा आणि चेहरा ओळखणारं संकेतस्थळ जोडून, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव काही क्षणांत काढून दाखवलं.

विम्याची तऱ्हा आणखी बेरकी. जेनेरालीने २०१६ साली जर्मनीत 'व्हायटॅलिटी' नावाची योजना आणली. चाला, धावा, तपासण्या करा, त्याची नोंद पाठवा आणि सवलत मिळवा. ऐच्छिक आहे, कोणावर सक्ती नाही. मग प्रकरण न्यायालयात गेलं आणि कामाची ताकद गेल्यास उत्पन्न देणाऱ्या विम्याच्या अटींमधलं एक कलम बाहेर आलं. माहिती कंपनीकडे पोचली नाही तर विमाधारक आरोग्याची काळजी घेत नाही असंच धरलं जाईल! म्हणजे गप्प बसलात तर आळशी. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे कलम रद्दबातल ठरवलं. 'ऐच्छिक' या शब्दाच्या पोटात काय काय मावतं ते यावरून कळावं. सवलतीची दुसरी बाजू दंड हीच असते. पट्टा न घालणाऱ्याकडून ती रक्कम गोळा होते, एवढंच.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण खरं भांडण तिथलं आहे.

नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास आपल्या हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे, ठरलेल्या हद्दीत आहे का, किती वेळ होता, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसावं आणि त्यावरून हजेरी आणि पगार ठरावा. नवी मुंबई, चंडीगढ, पंचकुला, इंदूर अशा शहरांतही हा प्रकार आला. चंडीगढला कामगार रस्त्यावर उतरले. घड्याळ बिघडलं किंवा हद्दीबाहेर दिसलं तर पगार कापला जाण्याची धास्ती, चार्ज करायला ते घरी न्यावं लागतं म्हणून घरापर्यंत पाळत, आणि काही घड्याळांत कॅमेरा-मायक्रोफोन असल्यामुळे बायकांना संडासात जायची भीती, असं कामगार सांगत होते.

यावर अधिकाऱ्यांचं उत्तर असतं की हजेरीपटावर भुताटकीची नावं असतात, कामगार जागेवर नसतात, करदात्याचा पैसा जातो. भुतं आहेत, नाकारत नाही. पण कामगार नसताना त्याच्या नावाचा पगार उचलणारं भूत झाडू मारणारं नसतं. मुकादम, ठेकेदार, सही करणारा साहेब, यांच्या मनगटावर घड्याळ कधी दिसलं का? आयुक्तांची गाडी दुपारी कुठे उभी होती हे कोणत्या पडद्यावर दिसतं? हे काम पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारलं गेलंय हे तर सांगायला नकोच. आपण मंडळी हजारो रुपये मोजून मिरवायला जे यंत्र बांधतो, तेच यंत्र त्यांच्या हातावर बांधलं की त्याचा गळ्यातला पट्टा होतो. यंत्र तेच. हिरवा दिवा तोच.

म्हणून म्हणतो, 'लपवायचं काय' हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेला आहे. ज्याला घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकता येतं त्याच्यापुरता खासगीपणा हा शौकाचा विषय आहे. जो काढू शकत नाही त्याला विचारा.

इथे हा फरक कायद्यात आहे. १९७२ चा कारखान्यांच्या कारभाराचा कायदा, त्याचं कलम ८७. कामगारांच्या वागण्यावर किंवा कामावर लक्ष ठेवू शकेल असं कोणतंही यंत्र कंपनीला बसवायचं असेल तर कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाची, बेट्रीब्सराटची, संमती लागते. ती मिळाली नाही तर यंत्र खोक्यात. याचा अनुभव मी घेतलाय. आमच्या संस्थेत काही वर्षांपूर्वी एक प्रकल्प निघाला. वर्कशॉपमध्ये वजनं उचलणाऱ्यांनी कमरेला सेन्सरचा पट्टा बांधायचा, चुकीचं वाकलं की तो थरथरणार, आणि वर्षभराचा डेटा आमच्याकडे जमणार. हेतू अगदी चांगला. प्रस्ताव मंडळापुढे गेला. मंडळाच्या प्रमुख बाई स्वतः लेथवर काम करून केस पिकवलेल्या. त्यांनी आमची चाळीस पानं बाजूला सारली आणि विचारलं, "जो हा पट्टा घालणार नाही त्याचं काय होईल?"

"काहीच नाही," आमचे प्रकल्पप्रमुख म्हणाले, "ऐच्छिक आहे."

"ठीक. आणि तो घालत नाही हे कोणाला कळेल?"

खोलीत शांतता. कारण ते सगळ्यांनाच कळणार होतं; यादीत त्याच्या नावापुढे रिकामी जागा दिसणार होती. चार महिने गेले. शेवटी जे बनलं त्यात मोजमाप पट्ट्यातच होतं, पाळी संपली की पुसलं जातं, आणि बाहेर येतात ती फक्त पूर्ण गटाची सरासरी. पट्टे क्रमांकाविना एका पेटीत ठेवलेले, हवा त्याने उचलावा. कंबरा वाचवण्याचं काम पट्टा आधीइतकंच करतो. माझा एक शोधनिबंध तेवढा बारीक झाला.

'डेटा सर्व्हरवर नेल्याशिवाय सेवा देताच येत नाही' ही आमच्या धंद्यातली सर्वांत पैसेवाली थाप आहे. नाडी बेताल आहे हे ओळखायची ताकद घड्याळातल्या चिपमध्येच आहे. २०२० च्या जूनमध्ये जर्मनीचं कोरोना-वॉर्न-अ‍ॅप आलं ते याच पद्धतीचं होतं. कोण कोणाच्या जवळ होतं याची जुळणी ज्याच्या त्याच्या फोनवर, सरकारकडे यादी नाही, आणि सगळा सोर्स कोड उघड्यावर. त्याआधी एप्रिलमध्ये आलेल्या आपल्या आरोग्य सेतूने ठावठिकाण्यासाठी जीपीएसही घेतलं. दोन्हीकडचे प्रोग्रॅमर सारखेच हुशार होते. निर्णय प्रोग्रॅमरने घेतलाच नव्हता.

"पण आता आपल्याकडेही कायदा झालाय," असं कोणी म्हणेल. झालाय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो निकाल मला फार आवडतो. त्यानंतर २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि बहुतेक कलमं अमलात आणायला पुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. वाट बघायची सवय आहे आपल्याला, त्याचं काही नाही. पण त्या कायद्याचं सातवं कलम वाचा. संमती न घेताही डेटा वापरता येईल अशा कारणांत तिथे 'नोकरीच्या कारणासाठी' हे सरळ लिहून ठेवलंय. युरोपच्या कायद्यात आरोग्याचा डेटा ही वेगळी, जास्त जपायची जात आहे. आपल्या कायद्यात नाडी आणि पिनकोड एकाच पंगतीत. म्हणजे नागपूरच्या बाईच्या घड्याळाला हा कायदा दाराबाहेरच सोडून येतो.

आणि उंबरठ्याच्या आतल्या आपल्यासारख्यांनीही फार खूश होऊ नये. गूगलने फिटबिट विकत घेतली तो व्यवहार २०२१ च्या जानेवारीत पुरा झाला. युरोपियन कमिशनने परवानगी देताना अट घातली, की या घड्याळांतला आरोग्याचा डेटा दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायचा नाही. अट युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांपुरती. मी आणि माझ्या पुण्याच्या बहिणीने एकाच मॉडेलचं घड्याळ घेतलं तर माझ्या नाडीमागे कमिशनची अट उभी आहे आणि तिच्या नाडीमागे कंपनीने जाहीरपणे दिलेला शब्द. शब्द मोडला असं मी म्हणत नाही. पण शब्द आणि अट यातला फरक कोणत्याही भाडेकरूला विचारा.

नागपूर-पुण्यात बसून महानगरपालिकांसाठी हे पडदे बनवणारे बरेच जण माझ्याच कॉलेजातले आहेत. त्यांच्यापैकी दोघांशी या विषयावर कडाक्याचं भांडण झालंय. त्यांचं म्हणणं, निविदेत जे लिहिलेलं असतं ते आम्ही बनवतो. मान्य. मग निविदेवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा निदान एवढं लिहून पाठवा, की काम संपलं की घड्याळ कामाच्या जागीच जमा होईल, चार्जिंगही तिथेच. कॅमेरा आणि मायक्रोफोन नको. निव्वळ घड्याळाच्या आकड्यावरून कोणाचा पगार कापू नका, आधी माणसाने माणसाला विचारावं. साठवलेले रस्ते महिन्याने पुसा. आणि खरेदीआधी सफाई कामगारांच्या युनियनला टेबलावर बोलवा. त्यातली एखादी बाई विचारेलच, की जी हे घालणार नाही तिचं काय करणार आहात.